बावीस खेळ आणि एक काळा ठिपका

माळव्यात देवास नावाचं गाव. गावाला टेकरी, टेकरीवर दोन माता, एक थोरली नि एक धाकटी. टेकरीच्या पायथ्याला एक कॉलनी, कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एक घर. त्या घरात राहत होती विनोदिनीआजी, तिचा मुलगा नीलकंठ, सून मेधा आणि नात ईशानी. नीलकंठ शाळेत गणिताचा मास्तर. मेधा नेमावर गावच्या दवाखान्यात परिचारिका, आठवडाभर तिकडे आणि रविवारी घरी. ईशानी तेवीस वर्षांची, सदा लॅपटॉपपुढे. आणि आजीच्या कमरेच्या बटव्यात, सुपारी आणि अडकित्त्याच्या शेजारी, मी.

मी एक काजळाची डबी बोलतेय.

माझा जन्म धारचा. तिथल्या एका तांबटाने पितळेचा तुकडा ठोकून ठोकून मला गोल केलं, लिंबाएवढी. झाकणावर तो पोपट कोरायला बसला, आणि निम्म्यातच त्याला घरून जेवायची हाक आली. जेवून तो झोपला. उठला तेव्हा पोपटाचं विसरला. म्हणून माझा पोपट एका पायावर उभा आहे. लोक बघतात नि म्हणतात, वा, काय कारागिरी! मी गप्प बसते.

विनोदिनीच्या आईने मला घेतलं, आणि विनोदिनीचं लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर मी देवासला आले. विनोदिनी शाळेची पायरी कधी चढली नाही. पण स्मरण असं, की विचारू नका. कुणाच्या बारशाला कोणती भाजी होती आणि त्यात मीठ कुणी जास्त घातलं, हे ती पन्नास वर्षांनी सांगते, आणि ज्याने घातलं त्याच्या तोंडावर सांगते.

माझ्यातलं काजळ ती घरीच धरायची. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं ताम्हण उपडं घालायचं, काजळी धरली की खरवडून तुपात खलायची, वर कापराची चिमूट. मग मी पोटभर. सकाळी नीलकंठाला न्हाऊ घातलं की गालावर एक तीट, कपाळावर एक, तळपायाला एक. आता खरं सांगायचं तर नीळूचं डोकं तेव्हा दुधीभोपळ्यासारखं होतं. त्याला कोण मेलं नजर लावणार? पण हे आईला कसं सांगायचं!

तीट म्हणजे काय, ते सांगते. जे आपल्याला फार आवडतं त्याला आपणच जरासा डाग लावायचा. मग जगाची नजर येऊन त्या डागावर अडकते आणि आवडती वस्तू वाचते. विनोदिनीचं हे नुसतं पोरांपुरतं नव्हतं. नव्या शिलाई मशीनला तीट. वेलाला आलेल्या पहिल्या काकडीला तीट. नीलकंठाने स्कूटर आणली तेव्हा दिव्याच्या वर इवलीशी तीट. स्कूटर पुढे तीनदा पडली, पण विनोदिनीचं म्हणणं, तीट नसती तर सहादा पडली असती.

मग ईशानी जन्मली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आजी, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचं नाही." त्यांचं बरोबरच होतं. पण माझे दिवस फिरले. बटव्यात पडून राहायचं, अडकित्त्याचे धक्के खायचे आणि सुपारीच्या गप्पा ऐकायच्या. सुपारीला बोलायला विषय एकच, आपण कापल्या जाणार. दर दिवाळीला विनोदिनी माझ्यात ताजं काजळ भरायची, एवढाच काय तो मान.

आता ईशानीचं ऐका.

ही पोर कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. कॉलेज संपून तीन वर्षं झाली, तरी हेच. एका सोमवारी नीलकंठ जेवता जेवता म्हणाला, "ईशानी, आता हा शेवटचा. त्या तुमच्या स्पर्धेत पहिल्या पंचविसात नंबर लागला तर तुला काय करायचंय ते कर. नाही लागला तर मनावर गावाला विश्वासमामांच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जायचं. मी त्यांना शब्द देऊन बसलोय."

"बाबा, तीनशे गेम आहेत!"

"तीनशेत पंचवीस. म्हणजे बारात एक. सोपं गणित आहे."

विश्वासमामांची शाळा ईशानीने पाहिलेली. तिथे चार कॉम्प्युटर, चारांवर भरतकाम केलेले रुमाल, आणि रुमाल काढायचे ते फक्त साहेब तपासणीला आले की. एरवी मुलं फळ्यावर खडूने कीबोर्ड काढून त्यावर बोटं आपटतात.

त्या स्पर्धेला म्हणतात गेम जॅम. आमच्या माळव्यात जाम म्हणजे पेरू. आजीने बिचारीने दोन दिवस वाट पाहिली, मग विचारलं, "अगं, पेरू कधी यायचेत?"

"पेरू नाही गं आजी! तीन दिवसांत एक गेम बनवायचा, बस. उतरवून घ्यायचं झंझट नाही, लिंक दाबली की ब्राउजरमध्येच चालू. मग दहा दिवस सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे, तारे द्यायचे, काय चांगलं, काय वाईट ते लिहायचं."

ईशानीच्या खेळाचं नाव 'आग्रह'. पंगत बसली आहे, तुम्ही वाढपी, हातात जिलबीचं ताट. पाहुणा म्हणतो, "नको, नको!" आता त्याचं नको खरं की खोटं, ते तुम्ही त्याच्या भुवया बघून ओळखायचं. खोट्या नकोला वाढलं नाही तर पाहुणा उपाशी उठतो आणि गावभर सांगतो. खऱ्या नकोला वाढलं तर पान सोडून पळतो. आजीने खेळून पाहिला आणि एकही पाहुणा चुकली नाही.

पण खेळायला येईना कुणी. नियम असा, की वीस जणांनी तारे दिले तरच खेळाचा नंबर काढायचा. आणि तुम्ही दुसऱ्यांच्या खेळांवर मत द्याल, तसा तुमचा खेळ लोकांपुढे वर सरकणार. दोन दिवसांत 'आग्रह'वर आले तिघे. त्यातल्या गुवाहाटीच्या एका मुलाने लिहिलं, 'गेममध्ये गडबड आहे. पाहुणा नको म्हणाला म्हणून मी वाढलं नाही, तरी हरलो.'

ईशानीने ते वाचून दाखवलं. आजी हळहळली. "बिचाऱ्याच्या घरी आग्रह करणारं कुणी नाही वाटतं."

मग ईशानी भराभर दुसऱ्यांचे खेळ उघडू लागली. एक मिनिट खेळायचं, 'बढ़िया गेम' लिहायचं, पुढचा. आजी सुपारी कातरत बघत होती. सातव्या 'बढ़िया'ला तिने अडकित्ता खाली ठेवला.

"प्रत्येक घरी 'छान झालंय, छान झालंय' म्हणणाऱ्या पाहुण्याला पुन्हा कुणी बोलवत नाही, ईशे. त्या पोरांनी तीन तीन दिवस डोळे फोडलेत. नीट जेव तरी."

"आजी, टाइम कुठे आहे? आणि लिहायचं काय?"

"सरक. मी खेळते, मी सांगते. तू लिही."

अशी जोडी जमली. लॅपटॉप आजीपुढे, आणि ईशानी शेजारी मोबाइल घेऊन. आजी मराठीत बोलणार, ईशानी ते हिंदीत लिहिणार. उजवा बाण, डावा बाण, आणि लांब पट्टी म्हणजे उडी, एवढं आजीला दहा मिनिटांत आलं. वाचता येत नसल्याने तिचं एक होतं, खेळ स्वतः काय सांगतो तेवढंच तिला कळायचं.

पहिला खेळ उघडला तर पानभर मजकूर. आजी म्हणाली, "लिही. पाहुण्याला आत घ्यायचं सोडून उंबऱ्यात पोथी वाचत बसलाय. ज्याला वाचता येत नाही त्याने खेळू नये का?"

दुसऱ्यात एक बेडूक. उडी मारली की पहिल्याच खड्ड्यात मरायचा. नऊ वेळा मेला. "पहिल्याच घासाला खडा! लिही, पहिला खड्डा लहान कर. आधी पोट भरू दे, मग परीक्षा घे."

तिसऱ्यात नुसतं ठो ठो. "मारतोय कोण, कुणाला, कशासाठी? आमच्या कॉलनीत नळावर भांडण होतं त्यालासुद्धा कारण असतं. लिही, आधी भांडण सांग."

चौथ्यात टमाट्याची शेती, तीन मिनिटांत चारशे टमाटे. "इतके खाणार कोण? निदान शेजारणीला चार देता येऊ देत. नुसतं तोडायचं नि ठेवायचं, ह्यात मजा काय?"

ईशानी हसत हसत लिहीत होती. लिहिता लिहिता तिचं हसणं कमी झालं. म्हातारी चुकत नव्हती.

पाचवा खेळ उघडला आणि आजी 'लिही' म्हणायचं विसरली. एक गोगलगाय. पाठीवर घर. वाटेत भेटेल त्याला ती घरात घेते. भिजलेली मुंगी, पंख मोडलेला भुंगा, एक हरवलेलं बटण. घर जड होत जातं, चाल मंद होत जाते, पण उतरवत कुणालाच नाही. हा खेळ भोपाळच्या पीयूष नावाच्या मुलाने केलेला.

"बाई गं," आजी म्हणाली, "ही तर आमच्या सासूबाई."

ईशानी चहाचं आधण उतरवायला आत गेली. आणि इकडे आजीचा हात बटव्यात आला. टिच्! माझं झाकण उघडलं. किती वर्षांनी सांगू! करंगळीचं टोक माझ्यात बुडलं, आणि लॅपटॉपच्या काचेवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, आजीने गोगलगायीला तीट लावली. छोटीशी, मोहरीएवढी. मला तर गहिवरून आलं.

ईशानी चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहिलं, आणि मोबाइलवर गोगलगायीचं कौतुक लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे शेवटी एक ओळ लिहिली, 'वरच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसतो. बघून घ्या.'

खेळ बंद झाला. आजीने पदराने काच पुसली. एकाची तीट दुसऱ्याला कशी चालेल? ईशानीला वाटलं, आजी धूळ पुसतेय.

असं चार दिवस चाललं. बावीस खेळ झाले. त्यातले सात आजीच्या मनात भरले, त्या सातांना तीट लागली, आणि त्या सातांना ईशानीने लिहिलं, काळा ठिपका दिसतो, बघून घ्या.

आता कल्पना करा त्या सात पोरांची. पीयूषने आपला खेळ ओळ न् ओळ तपासला. ठिपका नाही. कोचीच्या एका मुलीने तीन ब्राउजर बदलून पाहिले. ठिपका नाही. एकाने तर वैतागून खेळातलं आभाळच काढून टाकलं. आभाळ नाही तर ठिपका नाही! त्याची चिमणी बिचारी काळोखात उडू लागली. स्पर्धेच्या गप्पांच्या पानावर एकच विषय, काळा ठिपका. कुणी म्हणे ब्राउजरचा दोष, कुणी म्हणे नवा व्हायरस. पीयूषने ईशानीला लिहिलं, 'दीदी, वो धब्बा किधर है? मैं पागल हो जाऊँगा.'

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की सातही ठिपके एकाच माणसाने कळवलेत. 'आग्रह'वालीने. आणि नेमके चांगल्या खेळांनाच! झालं. मुद्दाम खोटे दोष काढून दुसऱ्यांचे तारे कमी करते, असा बोभाटा झाला. स्पर्धा चालवणारी उर्वशी नावाची मुलगी होती, इंदूरची. तिचा निरोप आला. आज संध्याकाळी सहापर्यंत ठिपक्याचा पुरावा द्या, नाहीतर तुमचा खेळ स्पर्धेतून काढला जाईल.

नीलकंठ शाळेतून आला तर पोरगी रडतेय.

"बाबा, मी खोटं नाही लिहिलं. मी पाहिलाय ठिपका!"

"रडू नको. पुरावा मागतायत ना? मग पुरावा देऊ. दाखव मला."

ईशानीने गोगलगाय उघडली. ठिपका नाही. आजी नेहमीच्या जागी बसलेली. "चार्जर आणते," म्हणून ईशानी आत गेली, नीलकंठ चष्मा शोधायला वळला, आणि आजीला चार दिवसांनी आपली गोगलगाय दिसली. हात बटव्याकडे आला. मी म्हटलं, अगं विनोदिनी, आज नको गं! पण डबीचं ऐकतं कोण. टिच्.

"बाबा! तो बघा, आला!" ईशानी ओरडली. तिने धावत येऊन पडद्याचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढलं, ते मोबाइलवर उघडलं. चित्र धुतल्यासारखं स्वच्छ. पुन्हा काढलं. पुन्हा स्वच्छ. लॅपटॉपवर ठिपका आहे, चित्रात नाही. "बाबा, ही काहीतरी भुताटकी आहे."

"कसली भुताटकी? कुठे आहे, हा?" म्हणून गणिताच्या मास्तराने त्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

ठिपक्याला शेपूट फुटलं.

नीलकंठाने बोट पाहिलं. बोटाचा वास घेतला. डोळे मिटले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण एका क्षणात पाटावर बसलेलं दुधीभोपळ्याच्या डोक्याचं बाळ झाला.

"एरंडेल," तो म्हणाला. "कापूर." मग सावकाश मान वळवून, "आई?"

आजीने मला पाठीमागे लपवलं. झाकण उघडंच, काजळ लागलं लुगड्याला.

"मग काय करू?" ती उसळली. "इतकी गुणाची गोगलगाय, तीनशे जणांच्या नजरेसमोर उघडीबोडकी चाललीय. तिच्या आईला सुचलं नाही, मी लावली!"

"अगं आजी, त्या लोकांनी माझ्यावर आळ घेतलाय! मला सांगितलं का नाहीस?"

"तू हसली असतीस."

ते खरंच होतं, ईशानी हसली असतीच. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आणि माझ्या गेमला? माझ्या गेमला लावलीस का कधी?"

"तुझ्या खेळाला कशाला? तुलाच लावते की. रोज, समईच्या काजळीची, वेणी घालताना, कानामागे."

ईशानीने कानामागे बोट फिरवलं. काळं झालेलं बोट ती बघतच राहिली.

मग तिने लिहायला घेतलं. नीलकंठ म्हणाला, "वायरचा दोष होता म्हणून लिही. हे कोण खरं मानणार?" पण ईशानी ऐकेना. तिने हिंदीत लिहिलं ते मी आपल्या भाषेत सांगते. 'ठिपका तुमच्या खेळात नाही, माझ्या लॅपटॉपच्या काचेवर होता. मतं सगळी माझ्या आजीची आहेत. तिला लिहिता वाचता येत नाही. जो खेळ तिला फार आवडला त्याला नजर लागू नये म्हणून तिने काजळाची तीट लावली, आणि मी मूर्खाने तो दोष म्हणून कळवला. सात जणांची माफी मागते. आभाळ काढून टाकलंय त्याने ते कृपा करून परत लावावं, आजी चिमणीसाठी झुरते आहे.' सोबत पुरावा म्हणून मोबाइलने फोटो काढला, त्यात शेपूटवाला ठिपका, आजीची करंगळी आणि मी. माझा आयुष्यातला पहिला फोटो, तोही एका पायाच्या पोपटासकट.

साडेपाचला पाठवलं. सहा वाजले. काही नाही. सव्वासहा. नीलकंठ खोलीत येरझाऱ्या घालू लागला. आजीने रागाने सगळी सुपारी कातरून टाकली.

साडेसहाला उर्वशीचं उत्तर आलं. 'नियम पुन्हा वाचले. त्यात काजळाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तुमचा खेळ स्पर्धेत राहील. आणि आता तुमचा खेळही समजला. तुमच्याकडे नको म्हणजे वाढा, आणि काळा डाग म्हणजे शाबास!'

पीयूषने लिहिलं, 'मेरी नानी भी लगाती थीं,' आणि त्याखाली बराच वेळ काही लिहिता आलं नसावं, नुसतेच ठिपके ठिपके होते. चिमणीचं आभाळ परत आलं. आणि तीट न मिळालेल्या पंधरा जणांनी हल्ला केला, 'आजी, हमारे गेम में क्या कमी थी?' बेडूकवाल्याने तर पहिला खड्डा आणखी काय केला तर तीट मिळेल, असं विचारलं. आजीने सांगितलं, "तीट मागून मिळत नसते. आधी बेडूक जगव."

तीट लावणारी आजी कोण, म्हणून माणसं 'आग्रह'कडे येऊ लागली. तिघांचे तीस झाले, तिसांचे नव्वद. गुवाहाटीचा तो मुलगाही परत आला. त्याने लिहिलं, 'आता कळलं. भुवई वर गेली की वाढायचं. माझ्या आईवर करून पाहिलं, बरोबर निघालं.'

रविवारी निकाल. मेधाही आलेली. सगळे लॅपटॉपभोवती, मी आजीच्या मुठीत. गोगलगाय पहिली आली. आजीने टाळी वाजवली, मी खाली पडले, कुणी लक्ष दिलं नाही. ईशानी यादी खाली खाली सरकवत गेली. दहा. वीस. पंचवीस.

'आग्रह' सत्ताविसावा.

"अहो, दोनच नंबर," मेधा हळूच म्हणाली.

"दोन म्हणजे दोन," नीलकंठ म्हणाला. "मी मुलांचा एक मार्क वाढवत नाही. घरी कसा वाढवू?"

ईशानी "हो बाबा" म्हणाली आणि माळ्यावरून बॅग काढायला गेली. भांडली असती तर नीलकंठालाही बरं वाटलं असतं. त्या दिवशी जेवताना कुणी कुणाला आग्रह केला नाही.

सोमवारी सकाळी ईशानीचा फोन वाजला. उर्वशी. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून इंदूरला खेळ बनवायचं छोटंसं ऑफिस चालवतात. "ईशानी, तुमची बावीसच्या बावीस मतं आम्ही छापून भिंतीवर लावलीत. गेम बनवणारे ढिगाने मिळतात. तो कुठे टोचतो ते सांगणारं माणूस मिळत नाही. आमच्याकडे काम कराल?"

फोन मोठ्या आवाजावर होता. सगळं घर थबकलं. ईशानीने डोळे मिटले आणि म्हणाली, "मॅम, मी आधीच लिहिलंय, ती मतं माझी नाहीत. मी फक्त हिंदी केलं."

तिकडून उर्वशी हसली.

"हो, वाचलंय ना. 'आग्रह' तर तुमचाच आहे? मग दोघी या. तुम्ही बनवा, आजी सांगतील."

नीलकंठाने घसा खाकरला. "पण ठरलं होतं पंचविसात..."

आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नीळू, तू सहावीत होतास. वर्गात अठ्ठावन्न पोरं. गणितात तुझा नंबर किती आला होता?"

"आई, आत्ता ते..."

"एकेचाळिसावा. प्रगतिपुस्तक मला वाचता आलं नाही, पण देशपांडे मास्तरांचं तोंड वाचता आलं. तरी तुला गणिताचा मास्तर केलाच ना कुणीतरी? सत्तावीस मोठे की एकेचाळीस, सांग, गणित सोपं आहे."

मेधाने पदर तोंडाला लावला. ईशानी बॅगेवर मटकन बसली. नीलकंठ आधी लाल झाला, मग फुटला, आणि असा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. हसता हसताच त्याने मनावरला फोन लावला. "विश्वासमामा, ईशानी नाही येत. हो, शब्द मोडतोय. पहिल्यांदाच मोडतोय, सांभाळून घ्या."

आता ईशानी रोज सकाळी इंदूरची बस धरते, आणि बुधवारी आजीही. बुधवार म्हणजे बटवाही आला आणि मीही आले. तिथली पोरं म्हणतात, "आजी, आज हमारा वाला!" आजी म्हणते, "आधी चहा." मग खेळते, नावं ठेवते, आणि महिन्यातून एखादवेळा माझं झाकण उघडतं. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी डबी असेल, तर बाई, मोडीत देऊ नका. तिला अजून काय काय बघायचं असेल, कुणी सांगावं!

पहिल्या बुधवारचं मात्र सांगायलाच हवं. उर्वशीने दोघींच्या नेमणुकीचे कागद पुढे ठेवले. ईशानीने सही केली. आजी म्हणाली, "मी आंगठा देते." ऑफिसभर शोधाशोध झाली. एवढी यंत्रं, एवढे पडदे, पण शाईची गादी कुणाकडे नाही. उर्वशी ओशाळली, "आजी, हम लोग तो सब ऑनलाइन..."

आजीने मला बाहेर काढलं, आंगठा पोटात बुडवला, आणि कागदावर ठाम उमटवला.

त्या कागदाची प्रत नीलकंठाने चौकटीत घालून दारासमोर टांगली आहे. येईल त्याला, अगदी दूधवाल्यालाही, तो तिच्यापुढे उभा करतो आणि माळवी थाटात म्हणतो, "भिया, वाचून बघ. माझी आई आणि माझी मुलगी, दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या."